शहरांचा अभ्यास करायचाय पण मी आर्किटेक्ट नाही, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही इंजिनीअर आहात, पुण्याजवळ पिंपळे सौदागरला राहता, डिझाईन, तत्त्वज्ञान, सौंदर्यशास्त्र आणि मानवी वस्त्यांचा इतिहास असं सगळं एकत्र घेऊन शहर समजून घ्यायचंय, तर कोर्स करू की पुस्तकं वाचू. आणि शेवटी लिहिलंय की "आमच्या भागात बघण्यासारखं काही नाही, सगळे टॉवरच आहेत." त्या शेवटच्या वाक्याकडे मी नंतर येते.

आधीच सांगते, मी कॉमर्सची, नोकरी बँकेत, हा नाद दहा-बारा वर्षांपूर्वी लागला. पहिली दोन वर्षं मी तुमच्यासारखंच केलं म्हणजे जाडजाड पुस्तकं आणली, कुठलातरी वाद, मग त्या वादावरची टीका, वह्या भरून नोट्स काढल्या, आणि भाजी आणायला खाली उतरले की समोर आपला तोच रस्ता आणि त्यातलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मग वैतागून सगळं बाजूला ठेवलं आणि एकच प्रश्न धरला, इथे पाणी कुठून येतं आणि ते कुणाला मिळतं. बस. तुम्हाला हवेत ते चारही विषय त्या एका प्रश्नामागून आपोआप आले, म्हणून तुम्हालाही तेच सांगणार आहे.

हा प्रश्न का सुचला तर माझं लहानपण पुण्यात शुक्रवार पेठेतल्या वाड्यात गेलं, भाड्याच्या दोन खोल्या. चौकात नळकोंडाळं होतं. सकाळी साडेपाचला पाणी यायचं आणि कुणाची कळशी कुणाच्या मागे लागणार हे ठरलेलं, मालकीणबाई पहिल्या, मग जुने भाडेकरू, मग आम्ही. चौकाला दगडी फरशी होती आणि आजी बादलीभर पाणी नुसतं भिरकावून द्यायची तर ते सगळं सुरसुरत एका कोपऱ्यातल्या मोरीकडे जायचं, थेंब साचायचा नाही. तेव्हा वाटायचं पाण्याची सवयच आहे ती. नंतर वाडा पडला, तिथे बिल्डिंग झाली, आम्हाला वनबीएचके मिळाला, आणि त्या नव्याकोऱ्या बाथरूममध्ये आजपर्यंत पाणी दाराशी साचतं, जाळीकडे जातच नाही, आई रोज खराट्याने ढकलते. तेव्हा लक्षात आलं की फरशी बसवणाऱ्या कुणीतरी दीडदोनशे वर्षांपूर्वी त्या चौकाला उतार दिला होता, डोळ्यांना न दिसणारा. डिझाईन म्हणजे काय हे मला तिथे कळलं.

तोच उतार मोठा केला की कात्रजचा नळ, म्हणजे पुण्याला पाणी आणणारी पेशव्यांच्या काळातली भुयारी वाट. नदी उशाशी असताना नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास पाणी कात्रजहून का आणलं असेल? कारण मुठा खाली आणि गाव वर, पंप तर नव्हतेच. कात्रज उंचावर, तिथे तलाव बांधला आणि जमिनीखालून दगडी बांधकामाचं भुयार काढून आठेक किलोमीटर पाणी आणलं ते शनिवारवाड्यापर्यंत, वाटेत आणि गावात हौद. सगळं निव्वळ उतारावर. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडणार, कमी झाला तर गाळ बसून तुंबणार, तुम्ही इंजिनीअर आहात तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास आहेत. भुयारातली कोंडलेली हवा बाहेर जावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून बांधलेले दगडी बुरूजवजा मनोरे. मी पहिला पाहिला तो एका गॅरेजच्या बाजूला, त्याला टेकून दोन स्कूटर लावलेल्या, वर कुणीतरी फडकी वाळत घातलेली, आणि गॅरेजवाल्याला विचारलं हे काय तर म्हणाला जुनी समाधी असेल मॅडम. शब्द बघा ना पण, उच्छ्वास. ज्याने हे नाव दिलं त्याच्या डोक्यात नळ ही निर्जीव वस्तू नव्हतीच, तो श्वास सोडणारा कुणीतरी होता. सौंदर्यशास्त्राची सुरुवात मी अशाच शब्दांपासून करीन, इमारत सुंदर की कुरूप या वादापासून नाही.

आणि सुंदरच बघायचं असेल तर त्याच पाण्यावर शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं उडायचं. आपण आज तिथे जाऊन त्या कमळासारख्या कारंजाच्या कोरड्या पाकळ्यांचे फोटो काढतो पण खरी गंमत ही की ते कारंजं म्हणजे कात्रजच्या उंचीचं प्रदर्शन आहे. डोंगरातलं पाणी इथे वर उसळतं, बघा माझी सत्ता कुठपर्यंत पोचते. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावहून वेगळा नळ आणला, सरदार रास्त्यांनी कोंढव्याकडून. म्हणजे ज्याची ताकद त्याचं पाणी, आणि ज्याचं पाणी त्याच्या आसऱ्याने पेठ वाढणार. पेठ वसवणं हा तेव्हा रीतसर व्यवहार होता, वसवणाऱ्याला हक्क, येणाऱ्या व्यापाऱ्यांना काही वर्षं करमाफीचा कौल. आजच्या प्री-लाँच ऑफरसारखंच हो, फक्त होर्डिंग नव्हतं. आता बदामी हौद, पंचहौद, काळा हौद हे रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते उरलेत.

आता तत्त्वज्ञान. मी वर्षभर या नळाच्या प्रेमात होते, पाहुण्यांना धरून धरून सांगायचे. मग एकदा गंज पेठेत महात्मा फुल्यांच्या वाड्यात गेले. आवारात हौद आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे शाळेत वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, पण तिथे उभं राहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला की एका माणसाला स्वतःच्या घरातला हौद खुला करावा लागला याचा अर्थ गावातले ते सगळे देखणे हौद शंभराहून जास्त वर्षं काही लोकांना बंद होते. तेच पाणी, तोच अचूक उतार, आणि काठावर आल्यावर माणसाने बांधलेली न दिसणारी भिंत. मग ती इंजिनीअरिंगची कमाल सुंदर म्हणायची का? मला याचं उत्तर अजून नीट देता येत नाही, पण शहराचं तत्त्वज्ञान म्हणतात ते इथे सुरू होतं असं मला वाटतं. आणि नुसता कागदावरचा कायदा बदलूनही भागत नाही. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ ला कागदावर खुलं केलेलं होतं, प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन चालत जावं लागलं. कागदावरचं शहर आणि पायाखालचं शहर वेगळं असतं ते असं.

वस्त्यांचा इतिहास म्हटलं की लोक एकदम हडप्पाला जातात. जा की, पण आधी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं, साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. तिथे पाण्यासाठी पाट काढलेला सापडला, बांध सापडला, आणि एक पाच खोल्यांचं मोठं घर ज्याच्या शेजारीच धान्याचं कोठार, म्हणून ते गावच्या प्रमुखाचं असावं असं मानतात. कारागिरांची घरं पश्चिमेच्या कडेला, खात्यापित्यांची मध्यावर. तीन हजार वर्षं झाली आणि आमच्या वाड्यातली कळशांची रांग काही फार वेगळी नव्हती.

एका माणसाचं नाव मात्र सांगायलाच हवं कारण तो तुमच्यासारखाच चार विषयांत पाय ठेवून उभा होता, पॅट्रिक गेडिस, स्कॉटिश, मूळचा जीवशास्त्रवाला. १९१४ ला भारतात शहरांविषयीचं प्रदर्शन घेऊन निघाला तर सामानाचं जहाज जर्मनांच्या एमडेन युद्धनौकेने बुडवलं, बिचाऱ्याने पुन्हा सगळं गोळा केलं. १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला त्याचा पहिला प्रमुख हाच. त्याचं म्हणणं साधं होतं, आधी गल्लीगल्लीतून पायी फिरा आणि मग कमीत कमी चिरफाड करा, सरसकट घरं पाडून सरळ रस्ते काढू नका. इंदूरला होळकरांकडे असताना त्याने एका दिवसापुरतं महाराज होण्याची परवानगी मागितली आणि दिवाळीला मिरवणूक काढली. नेहमीचा मार्ग रद्द, ज्या गल्ल्यांनी घरं साफ आणि दुरुस्त केली असतील तिकडूनच मिरवणूक जाणार. झालं, अख्खं गाव झाडू घेऊन बाहेर. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, आणि झाडूवाले स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून. आता काही लोक याला नाटकीपणा म्हणतील, आणि थोडा आहेच, पण नोटिसा लावून जे होत नाही ते त्याने गावाच्या हौसेला हात घालून करून घेतलं.

कोर्सचं म्हणाल तर अहमदाबादचं सेप्ट, दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, बंगळुरूचं इंडियन इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन सेटलमेंट्स ही नावं तुम्ही शोधलीच असतील, नोकरी सोडण्याची तयारी असेल तर बघा. माझा सल्ला विचाराल तर आधी मोडी लिपी शिका, वर्ग ठिकठिकाणी चालतात. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या काळातल्या सरकारी कागदांच्या संग्रहात, कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, त्यांना रुमाल म्हणतात, आणि बहुतेक मोडीत, वाचणारे कमी. माझी मोडी अजून अडखळतच चालते, एक ओळ लावायला कधीकधी अख्खा चहा गार होतो. दुसरं, नगर भूमापन कार्यालयातून आपल्या भागाचा नकाशा मिळवा. मला तो मिळायला किती खेटे पडले ते विचारू नका, पण त्यावर जुने ओढे दिसतात, आणि पावसात कुठल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी का भरतं ते ताबडतोब कळतं.

आता तुमचं ते वाक्य, बघण्यासारखं काही नाही. अहो तुमच्याकडे पवना आहे, जुनं गावठाण आहे, टॉवरच्या मधूनच एखादी वाकडी बोळ अजून गेलेली असेल, ती वाकडी का आहे ते बघा, बहुतेकदा तिथे ओढा नाहीतर शेताचा बांध असतो. रविवारी सकाळी टेप घेऊन गावठाणातल्या एखाद्या जुन्या घराचा ओटा मोजा, किती उंच, किती रुंद, त्यावर कोण बसतं, कुणाला बस म्हणतात आणि कुणाला उभ्याउभ्याच बोलून पाठवतात. मग तुमच्या सोसायटीच्या गेटवर या आणि तिथे डिलिव्हरीवाला कुठे थांबतो, कामवाल्या बायका कुठल्या लिफ्टने जातात ते बघा.

आणि उन्हाळ्यात टँकर येत असेल तर टँकरवाल्याला विचारा कुठून भरून आणतो. आमच्याकडे येतो त्याला मी तीन वर्षं विचारतेय. तो नुसता हसतो आणि म्हणतो, "ताई, पाणी आलं ना? मग झालं तर."