बर्थाबाईंच्या माहेरची वाट

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही पाच जण जर्मनीला जातोय. मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. दहा दिवस भाड्याची गाडी घेऊन फिरायचंय. नवऱ्याने फ्रँकफर्ट, कलोन, बर्लिन, प्राग, म्युनिक आणि परत फ्रँकफर्ट असा बेत आखलाय. मुलाला गाड्या आणि विमानं हवीत, मुलीला फोन सोडून काहीच नको. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मला शहरं, म्युझियमं आणि तिथलं खाणं यात रस. हे सगळं एका गाडीत कसं बसवू?
— मधल्या सीटवरची सून

उत्तर : तुमच्या यजमानांचा बेत मी नकाशावर मोजला. १,९०० किलोमीटरच्या आसपास होतो. माझा भाऊ मानहाइमला आमच्याकडे आला होता तेव्हा असाच गरागरा फिरला होता. मी तिथे आठ वर्षं होते, त्यामुळे असे पाहुणे बरेच झेलले. परत आल्यावर भाच्याला विचारलं, काय आवडलं? तो म्हणाला, "एका पंपावर लाल स्लश मिळत होतं." कुठल्या देशातल्या पंपावर, ते त्याच्या आईलाही सांगता येईना.

तेव्हा माझं ऐका आणि सगळा बेत शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात बसवा. त्यासाठी वाट एका बाईने आधीच आखून ठेवलीय.

१८८८ चा ऑगस्ट. मानहाइमच्या बर्था बेंझ पहाटे उठल्या, नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार बाहेर काढली, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेतलं आणि माहेरी निघाल्या. माहेर फोर्त्सहाइमला, साधारण १०६ किलोमीटरवर. इतक्या लांब तोवर कुणी मोटार नेलीच नव्हती. इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं पेट्रोलसारखं द्रावण घेतलं. पेट्रोलपंप ही वस्तूच अजून जन्माला यायची होती. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेवरचं आवरण झिजलं तिथे मोजा धरून ठेवायचा पट्टा गुंडाळला. ब्रेक घासले गेले म्हणून मोच्याकडून चामडं ठोकून घेतलं. चढ आला की पोरं खाली उतरून ढकलायची. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली. सासरी काय उत्तर द्यायचं ते मागाहून बघू, असा एकंदर मामला. (जर्मनीत पेट्रोलला 'बेंझिन' म्हणतात, त्याचा या बेंझ मंडळींशी संबंध नाही. तो शब्द १८३३ चा, आणि कार्ल बेंझ यांचा जन्म १८४४ चा. पाहुण्यांपैकी एक तरी जण यावर माझ्याशी वाद घालतोच.)

२००८ पासून त्या वाटेवर पाट्या लागल्यात. जाण्याचा आणि परतीचा रस्ता वेगळा, दोन्ही मिळून १९४ किलोमीटर. एका दिवसात सहज संपतो. तुम्ही तो सात दिवस पुरवून खा.

फ्रँकफर्टहून मानहाइम तासाभरावर आहे. तिथे किंवा शेजारच्या हायडलबर्गला स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि बॅगा एकदाच उघडा. मानहाइमचा मधला भाग तुमच्या मुलीच्या हवाली करा. तिथे बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. शहर बुद्धिबळाच्या पटासारखं चौकोनांत कापलंय आणि पत्ता म्हणजे एक अक्षर, एक आकडा. तिला सांगा, "आम्हाला सी ५ ला ने." तिथे जुन्या शस्त्रागारात म्युझियम आहे. फोन वापरायची परवानगी नाही, असं वर सांगा. माझ्या मुलीने आम्हाला तीनदा चुकवलं, आणि ते तिला अजून आठवतं. दमल्यावर स्पॅगेटी-आइस खा. १९६९ मध्ये इथेच जन्मलेला प्रकार आहे. व्हॅनिला आइस्क्रीम आपल्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून शेवया पाडतात, वर स्ट्रॉबेरीचा लाल रस्सा आणि चीज किसल्यासारखं दिसणारं पांढरं चॉकलेट. नऊ वर्षांचा मुलगा पहिल्यांदा फसतोच. आधी सांगू नका.

हायडलबर्गचा किल्ला सासूबाईंना जमेल. खालून छोटी रेल्वे वर जाते आणि किल्ल्याच्याच तिकिटात तिचं भाडं धरलेलं असतं. तळघरात १७५१ चं दोन लाख लिटरहून मोठं पिंप आहे. पण खरी मजा त्याच तिकिटात मिळणाऱ्या औषधशास्त्राच्या म्युझियममध्ये. जुनी लाकडी दुकानं, कप्पे, खल, चिनी मातीच्या बरण्या. ते बघून मग वीसलोखला जा. तिथलं ते औषधांचं दुकान म्हणजे जगातला पहिला पेट्रोलपंप, असं गावकरी अभिमानाने सांगतात. आदल्या तासाला त्या बरण्या पाहिलेल्या असल्या की मुलाला पटतं की मोटार खरंच अशा दुकानातून तेल भरून पुढे गेली. उलट क्रमाने केलंत तर तो बरण्यांकडे ढुंकून बघणार नाही.

आता सोमवारचं. जर्मनीत बरीच म्युझियमं सोमवारी बंद असतात. पहिल्याच वर्षी मी पाहुण्यांना सोमवारी स्टुटगार्टच्या मर्सिडीज म्युझियमच्या बंद दारापाशी नेऊन उभं केलं होतं. चूक माझीच, मी वेळा बघितल्या नव्हत्या. तुमचा सोमवार झिन्सहाइम किंवा स्पायरच्या तंत्रज्ञान म्युझियमसाठी ठेवा. ती दोन्ही वर्षाचे ३६५ दिवस उघडी असतात. झिन्सहाइमला छतावर कॉनकॉर्ड आणि रशियन टीयू-१४४ ही आवाजापेक्षा वेगाने उडणारी दोन प्रवासी विमानं शेजारी शेजारी आहेत. दोघांच्याही आत जाता येतं. मात्र विमानं नाक वर करून बसवलीत, त्यामुळे आतली फरशी चढणीची आहे. सासूबाईंना खाली बाकावर बसवा. स्पायरला खऱ्या बोइंग ७४७ जंबो विमानाच्या पंखावर चालता येतं आणि उतरायला घसरगुंडी आहे. दोन्हींपैकी एकच करा. मुलगा दोन्ही मागेल.

फोर्त्सहाइमसाठी मात्र अख्खा दिवस ठेवा. हे सोनारांचं गाव. १७६७ मध्ये इथल्या अनाथाश्रमात घड्याळं आणि दागिने घडवायचं काम सुरू झालं, तेव्हापासून 'सोन्याचं शहर'. जुनं गाव मात्र शोधू नका. २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात ते संपलं, सतरा हजारांहून जास्त माणसं गेली. आज दिसतं ते नंतर उभं केलेलं. त्यातल्याच एका शांत इमारतीत दागिन्यांचं म्युझियम आहे, आणि त्यात पाच हजार वर्षांचे दागिने.

तिथे मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते. मला वाटलं अर्ध्या तासात कंटाळतील. त्या एका कानातल्यांच्या जोडीपुढे वाकल्या ते इतक्या जवळ, की काचेवर श्वासाचं गोल धुकं उमटलं. पदराने पुसलं, परत वाकल्या, परत धुकं. कोपऱ्यातला रखवालदार उठून आला. मी माफी मागायच्या तयारीत. सासूबाई मला म्हणाल्या, "त्याला विचार, याला मागे फिरकी आहे की नुसता आकडा?" माझ्या मोडक्या जर्मनला 'फिरकी' काही येईना, म्हणून त्यांनी स्वतःच्या कानातली कुडी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि फिरवून दाखवली. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि ती उजेडात धरून बघितली. मग आम्हाला दुसऱ्या दालनात नेऊन एका पेटीकडे बोट केलं. त्यांचं पुढे काय बोलणं झालं देव जाणे, दोघं आपापल्या भाषेत बोलत होते. दोन तास गेले. पोरं बाहेर पायरीवर ब्रेझेल खात बसली होती.

शेवटचे दोन-तीन दिवस स्टुटगार्ट. मर्सिडीजच्या म्युझियममध्ये लिफ्ट थेट वर नेते आणि मग उताराने फिरत फिरत खाली यायचं, म्हणजे गुडघ्यांची सोय झाली. वर पहिलंच दर्शन गाडीचं नाही, घोड्याचं आहे.

यजमानांना बर्लिन फारच हवं असेल तर त्यांना एकट्याला रेल्वेने पाठवा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको आणि आई, तिघंही शाकाहारी. त्याच भागात जायचा विचार आहे. आई म्हणते कुकर आणि डाळ-तांदूळ न्यायचे. बायको म्हणते तिथलंच खायचं. मी कुणाच्या बाजूने बोलू?
— दोघींचा ताबेदार

उत्तर : बायकोच्या. पण आईंना अंडं चालतं का, ते आधी विचारून घ्या, कारण सगळं त्यावर अडतं. तिथली घरगुती चव म्हणजे श्पेत्सले, पिठाचे छोटे वेडेवाकडे तुकडे. चीज घालून, वर तळलेला कांदा पसरून देतात. पोटभरीचं आणि झकास, पण पिठात अंडं असतं. माउलटाशन म्हणजे सारण भरलेले मोठे चौकोनी मोदकच म्हणा. मूळ सारण मांसाचं. उपवासाच्या दिवसांत देवाच्या नजरेआड मांस खाता यावं म्हणून ते पिठात लपवलं, अशी तिथली थट्टा आहे. भाजीचं सारण भरलेलेही मिळतात, मात्र विचारून घ्या.

धोका जिथे वाटत नाही तिथे असतो. त्या भागातलं बटाट्याचं सॅलड निरुपद्रवी दिसतं, पण त्यात बहुधा मांसाचं पाणी घालतात. मी वर्षभर आनंदाने खात होते. शेजारीणबाईंनी कृती सांगितली त्या दिवशी मी गप्पच झाले. कांद्याच्या केकमध्येही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. तेव्हा तीन शब्द पाठ करा : 'ओने फ्लाइश' म्हणजे मांस नको, 'ओने श्पेक' म्हणजे ते तुकडे नकोत, 'ओने ब्रूए' म्हणजे ते पाणी नको. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका.

मे महिन्यात गेलात तर मानहाइमजवळच्या श्वेत्सिंगनला पांढरा शतावरीचा कोंब खा. मोसम २४ जूनला संपतो, पुढे शेतकरी काढतच नाहीत. राजवाड्यासमोरच्या चौकात शतावरी विकणाऱ्या बाईचा पुतळा आहे, यावरून काय ते समजा. तिथली मंडळी वर जे पिवळं सॉस ओततात त्यात अंडं असतं. नुसतं वितळलेलं लोणी मागा.

कुकर घरी ठेवा. आईंच्या समाधानासाठी एक चटणीचा डबा न्या. आणि रविवारी दुकानं बंद असतात, हे विसरू नका. दूध-भाजी शनिवारीच भरा.

प्रश्न : जर्मनीत उजव्या बाजूने गाडी चालवायची भीती वाटते. लायसन्स, कारसीट, पार्किंग, नेमकं काय बघायचं?
— पन्नाशीतला चालक

उत्तर : भीती दोन दिवसांत जाते. वायपर मात्र आठवडाभर चुकून लागतो.

निघण्यापूर्वी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. ते वर्षभर चालतं. मूळ लायसन्सही खिशात असू द्या. बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलाला सीट लागतेच. गाडीबरोबर ती आधीच सांगून ठेवा. स्टुटगार्टसाठी समोरच्या काचेवर कमी धूर सोडणाऱ्या गाडीचा हिरवा गोल स्टिकर हवा. भाड्याच्या गाडीला बहुधा असतो, तरी चावी घेताना बघा.

गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की वेग ५० वर. वेगळा आकडा कुठेही लिहिलेला नसतो, ती पाटीच हुकूम. गल्लीबोळात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो सायकलवाला का असेना. माझी पहिली कचकन ब्रेक मारायची वेळ तिथेच आली. महामार्गावर गाड्या तुंबायला लागल्या की थांबण्याआधीच डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकायचं, मधून रुग्णवाहिकेला वाट.

पार्किंगला काही ठिकाणी पैसे नसतात, पण निळी डिस्क लागते. पुठ्ठ्याचं घड्याळ असतं ते, काचेमागे ठेवायचं. काटा पोचल्याच्या वेळेवर लावायचा नाही, पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा. दहा वाजून दहा मिनिटांनी पोचलात तर साडेदहा. मी प्रामाणिकपणे दहा-दहा लावलं नि खूश झाले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तीच डिस्क घरी विसरले आणि वायपरखाली वीस युरोंची पावती सापडली. डिस्क गाडीच्या दाराच्या कप्प्यात शोधा. नसेल तर पंपावर मिळते.