सेटलर म्हणजे ‘वसाहतकार’ की ‘उपरे’? मोडॉक युद्धाच्या निमित्ताने

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. अमेरिकेतल्या मोडॉक या मूळनिवासी लोकांच्या इतिहासावर त्या मराठीत लेख लिहीत आहेत आणि ‘सेटलर’, म्हणजे त्यांच्या मुलखात येऊन वसती करणारे गोरे, या इंग्रजी शब्दापाशी अडल्या आहेत. लेखाचं पहिलं वाक्य त्यांनी असं केलं आहे: ‘मोडॉक ही जमात ट्युली सरोवराकाठी राहत असे, १८७२ मध्ये तिने वसाहतकारांविरुद्ध बंड केले व आरक्षण सोडून पळ काढला.’ यातला ‘वसाहतकार’ बरोबर आहे का, की ‘स्थायिक’ म्हणावं, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

ताई, विचारलंत एका शब्दाबद्दल, पण त्या वाक्यातले आणखी तीन-चार शब्द मला स्वस्थ बसू देईनात. म्हणून उत्तर लांबणार आहे.

‘स्थायिक’ आधी बाजूला काढू. ‘नोकरीनिमित्त पुण्यात आले आणि इथेच स्थायिक झाले’ असं आपण रोज म्हणतो. या शब्दात कुणाचं काही हिरावलं जात नाही. जागा होती, माणूस आला, राहिला. ट्युली सरोवराच्या काठी असं घडलं नाही. आज जिथे ओरेगन आणि कॅलिफोर्निया या राज्यांची सीमा आहे तिथे ट्युली सरोवर, क्लिअर सरोवर, लोअर क्लॅमथ सरोवर आणि लॉस्ट नदी असा हा मोडॉकांचा मुलूख. थंडीत राहायची त्यांची गावं ठरलेली होती. जमीन खोदून अर्धं घर खाली न्यायचं, वरून लाकूड, लव्हाळ्याच्या चटया आणि माती घालायची. वसंतात नदीला मासे चढले की मासेमारी, मग कंदमुळं खणायची, उन्हाळ्याच्या शेवटी सरोवरातल्या पिवळ्या कमळाच्या बिया गोळा करायच्या. या बियांना तिथे ‘वोकस’ म्हणतात. बायका होड्यांतून जाऊन बोंडं खुडायच्या, वाळवायच्या आणि सपाट दगडावर दळायच्या. त्या दळणाचा वरवंटा मला फार आवडतो. त्याला वरच्या बाजूला दोन शिंगं असतात, दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे रेटायला. असा दोन शिंगी वरवंटा ही मोडॉक आणि त्यांचे शेजारी क्लॅमथ यांचीच खूण. वाटण वाटलेल्या कुणालाही कळेल की असला दगड पाठीवर घेऊन कुणी भटकत नाही. तेव्हा त्या काठावरचे स्थायिक कोण, तर मोडॉक. तो शब्द नंतर आलेल्यांना दिला तर वाक्य पहिल्याच पावलाला खोटं पडतं.

‘वसाहतकार’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे राज्यसत्ता येते. ब्रिटिश वसाहतकार, पोर्तुगीज वसाहतकार. चार गुरं, एक बैलगाडी आणि बायकोपोरं घेऊन लॉस्ट नदीकाठी आलेला गोरा शेतकरी त्यात बसत नाही. ‘स्थलांतरित’ही नको. स्थलांतरित माणूस जिथे जातो तिथल्या रीतीने राहतो, निदान राहायचा प्रयत्न करतो. सेटलर आपला कायदा, आपला नकाशा आणि आपलं सातबाराचं पुस्तक बरोबर घेऊन येतो, आणि आधीच्या माणसाचं नाव त्यात नसतं.

माझ्या मते साध्या निवेदनात ‘वसाहतवाले’ हा शब्द ठेवा, पहिल्या उल्लेखाला ‘गोरे वसाहतवाले’. वसाहत करून राहणारा माणूस एवढंच त्यात आहे, कौतुक नाही आणि शिवीही नाही.

मात्र मोडॉकांच्या बाजूने सांगायची वेळ येईल तेव्हा मराठीत याहून नेमका शब्द आहे, ‘उपरा’. आज आपण तो ‘परका’ या ढोबळ अर्थाने वापरतो, पण मराठेशाहीतल्या जमीनव्यवहारात त्याला पक्का अर्थ होता. गावात शेती करणारे दोन प्रकारचे. एक मिरासदार, ज्याची जमीन वडिलोपार्जित. ‘मिरास’ म्हणजेच वारसा. दुसरा उपरी. बाहेरून आलेला, ठरावीक मुदतीसाठी जमीन कसणारा, वारसाहक्क नसलेला. दुष्काळाने किंवा धामधुमीने मिरासदार परागंदा झाला, वर्षानुवर्षं गावाबाहेर राहिला, तरी परत येऊन ‘ही माझी मिरास’ असं म्हणायचा त्याचा हक्क गाव मानत असे. मधल्या काळात ती जमीन कसणारा उपरी उपरीच राहायचा.

मोडॉकांची गोष्ट या दोन शब्दांत जशी उभी राहते तशी इंग्रजीतही राहत नाही असं मला वाटतं. १८४६ मध्ये ॲपलगेट बंधूंनी ओरेगनकडे जाणारी नवी गाडीवाट शोधली ती थेट ट्युली सरोवराच्या काठाने. आधी वाटसरू आले, मागोमाग गुरं घेऊन राहायला येणारे. १८६४ मध्ये क्लॅमथ, मोडॉक आणि पायूट लोकांचा याहूस्किन गट यांच्याशी अमेरिकी सरकारने तह केला. अफाट मुलूख सरकारकडे गेला आणि या तिघांना क्लॅमथांच्या भागातल्या राखीव प्रदेशात एकत्र राहायला सांगण्यात आलं. मोडॉक नायक किंटपुअश, ज्याला गोऱ्यांनी कॅप्टन जॅक हे नाव दिलं, काही काळाने आपली माणसं घेऊन लॉस्ट नदीवर परतला. १८६९ च्या अखेरीस त्यांना समजावून पुन्हा तिकडे नेलं. तिथे मोडॉकांनी कुंपणासाठी लाकडं फोडली तर क्लॅमथ म्हणाले, जंगल आमचं, लाकडं आमची. स्वतःच्या मुलखातला मिरासदार शेजाऱ्याच्या मुलखात उपरी झाला होता. १८७० च्या वसंतात जॅक पुन्हा निघाला आणि आपल्या नदीवर आला. त्याचं मागणं मोठं नव्हतं. लॉस्ट नदीकाठी एक छोटा तुकडा आमच्या नावे राखून द्या, एवढंच. पण तोवर नदीकाठी वसाहतवाल्यांनी ठाण मांडलं होतं आणि त्यांना हे लोक तिथे नको होते.

म्हणून तुमच्या वाक्यातलं ‘पळ काढला’ काढून टाका. वस्तुस्थिती म्हणूनही ते चुकतं, कारण राखीव प्रदेश त्यांनी १८७२ च्या दोन वर्षं आधीच सोडला होता. आणि भाषा म्हणून तर फारच चुकतं. पळणारा माणूस घरापासून लांब जातो, हे घराकडे आले. ‘परतले’ लिहा.

आता ‘आरक्षण’. इंग्रजी शब्द तोच असला तरी मराठीत आरक्षण म्हणजे नोकरी, प्रवेश किंवा रेल्वेचं तिकीट. ‘आरक्षण सोडून’ वाचल्यावर वाचक क्षणभर भलतीकडे जातो. ‘राखीव प्रदेश’ किंवा ‘राखीव मुलूख’ म्हणा. हा शब्द नुसता सोयीचा नाही, अचूक आहे. तहात टोळीने बाकीची जमीन सोडली आणि एवढी आपल्याकडे राखली, असा त्यामागचा कायदेशीर अर्थ. सरकारने दान दिलेली ती जागा नव्हे. ‘राखणे’ या क्रियापदातून हे आपोआप कळतं. तसंच ‘ट्रीटी’ला ‘करार’ न म्हणता ‘तह’ म्हणा. करार घरमालक-भाडेकरूतही होतो. तह दोन सत्तांमध्ये होतो, आणि १८६४ च्या त्या कागदाला अमेरिकी सिनेटची मंजुरी लागली होती.

‘बंड’ या शब्दावर मला जास्त बोलायचं आहे. १८५७ ला काय म्हणायचं यावर मराठीत केवढं रण माजलं हे आपल्याला माहीत आहे. ‘बंड’ म्हटलं की समोरची सत्ता रास्त ठरते आणि लढणारा बेकायदा. मोडॉकांच्या बाबतीत याचा निकाल खुद्द अमेरिकी सरकारच्या कागदावर आहे, म्हणून घटना थोड्या तपशिलाने सांगतो.

२९ नोव्हेंबर १८७२ च्या पहाटे फोर्ट क्लॅमथहून आलेली अमेरिकी लष्कराची तुकडी जॅकच्या वस्तीवर पोचली, त्यांना राखीव प्रदेशात परत न्यायला. हत्यारं खाली ठेवण्यावरून बाचाबाची झाली आणि गोळी सुटली. त्याच वेळी नदीच्या पलीकडच्या काठावर काही वसाहतवाल्यांनी आपण होऊन दुसऱ्या मोडॉक वस्तीवर बंदुका चालवल्या. त्या वस्तीतल्या हुकर जिमच्या गटाने मग वाटेतल्या शेतघरांवर सूड घेतला. चौदाच्या आसपास गोरे पुरुष मारले गेले, बायका-मुलांना त्यांनी हात लावला नाही. सगळे ट्युली सरोवराच्या दक्षिणेकडच्या लाव्हाच्या खडकाळ पठारात शिरले. (इंग्रजीत याला ‘लाव्हा बेड्स’ म्हणतात, पण कृपा करून ‘लाव्हाचे बिछाने’ म्हणू नका. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो झिजून पायऱ्यापायऱ्यांचा झालेला. तिथला खडक वयाने खूप तरुण, धारदार, भेगांचा आणि गुहांचा. ‘लाव्हाचा कातळ’ चालेल.) लढणारे पुरुष जेमतेम पन्नास-साठ, बायकामुलं धरून दीडशेच्या वर माणसं. १७ जानेवारी १८७३ ला दाट धुक्यात तीन-चारशे सैनिकांनी हल्ला केला आणि मार खाऊन ते मागे फिरले. मोडॉकांचा एकही माणूस पडला नाही.

मग वाटाघाटी. ११ एप्रिल १८७३, गुड फ्रायडे. बोलणीच्या तंबूपाशी जॅकने अमेरिकी लष्कराचे जनरल एडवर्ड कॅनबी यांना गोळी घातली. सरकारच्या वतीने बोलणीला आलेले रेव्हरंड एलिझर टॉमस मारले गेले. त्यांच्याबरोबरचे आल्फ्रेड मीचम जबर जखमी झाले आणि दुभाषी टोबी रिडल या मोडॉक बाईमुळे वाचले. तिने बोलणीआधीच सगळ्यांना सावध केलं होतं. यानंतर लष्कराचे प्रमुख जनरल शर्मन यांनी मोडॉकांचा समूळ नाश केला तरी तो समर्थनीय ठरेल असं कळवलं. जूनच्या पहिल्या दिवशी जॅक सापडला. खटला नेहमीच्या कोर्टात चालवायचा की लष्करी आयोगापुढे, हा प्रश्न ॲटर्नी जनरल जॉर्ज विल्यम्स यांच्याकडे गेला, आणि त्यांनी मत दिलं की इथे युद्धाचे कायदे लागू होतात, म्हणून लष्करी आयोगच. म्हणजे ज्यांनी फाशी दिली त्यांनीच लिहून ठेवलं आहे की ते युद्ध होतं. आरोपींना वकील मिळाला नाही. ३ ऑक्टोबर १८७३ ला फोर्ट क्लॅमथला जॅक, स्कॉन्चिन जॉन, ब्लॅक जिम आणि बॉस्टन चार्ली यांना फासावर चढवलं. तेव्हा निःशंकपणे ‘युद्ध’ लिहा. आणखी एक. इंग्रजीत नुसतं ‘मोडॉक वॉर’ म्हणतात, जणू युद्ध त्यांचंच. मराठीची रीत दोन्ही बाजू सांगायची आहे, ‘इंग्रज-मराठे युद्ध’. पहिल्या उल्लेखाला तरी ‘मोडॉक आणि अमेरिकी सरकार यांच्यातलं युद्ध’ असं पूर्ण लिहा.

लेखात पुढे ‘मॅसेकर’ येईलच. १८५२ मध्ये ट्युली सरोवराच्या पूर्व काठी ब्लडी पॉइंटला मोडॉकांनी वाटसरूंच्या काफिल्यांवर हल्ले केले. त्याच वर्षी गोऱ्या स्वयंसेवकांचा म्होरक्या बेन राइट याने बोलणीच्या नावाखाली चाळीसच्या आसपास मोडॉक मारले आणि कॅलिफोर्नियातल्या वायरीका गावाने त्याचं जंगी स्वागत केलं. एकाला ‘कत्तल’ म्हणाल तर दुसऱ्यालाही कत्तलच म्हणा. कॅनबी यांच्याबाबत ‘दगा’ लिहाल तर १८५२ साठीही ‘दगा’ हाच शब्द येऊ द्या. बोलणीला बोलावून मारणं मोडॉकांनी एकवीस वर्षांपूर्वी आपल्या अंगावर झेललं होतं, हे वाचकाला त्या एका शब्दातून जोडता येईल.

तुम्ही लेखाला चित्र जोडणार असाल तर एक सावधगिरी. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने या युद्धाची छायाचित्रं काढली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं, खडकाआडून नेम धरलेल्या ‘मोडॉक वीरा’चं, मोडॉकाचं नाहीच. लष्कराच्या बाजूने लढणाऱ्या वॉर्म स्प्रिंग्ज टोळीच्या माणसाला तसं बसवून ते काढलं आहे. चित्राखालची ओळ जशीच्या तशी भाषांतरित केलीत तर ती चूक मराठीतही रुजेल.

शेवटी ‘राहत असे’. हा भूतकाळ मला सगळ्यात जास्त टोचला. युद्धानंतर १५३ जणांना आगगाडीत घालून आताच्या ओक्लाहोमात हद्दपार केलं. तिथे आजाराने पुष्कळ दगावले. १९०९ मध्ये परतायची परवानगी मिळाली तेव्हा काही ओरेगनला आले, काही तिथेच राहिले. ओक्लाहोमातल्या मोडॉकांना १९७८ मध्ये संघराज्याची मान्यता पुन्हा मिळाली. ओरेगनमधले क्लॅमथ ट्राइब्जमध्ये आहेत, त्यांची १९५४ मध्ये काढून घेतलेली मान्यता १९८६ मध्ये परत आली. जॅकची कवटी वॉशिंग्टनच्या संग्रहात होती, ती १९८४ मध्ये नातेवाइकांकडे सोपवली गेली. नातेवाईक आहेत, म्हणजे लोक आहेत. ‘जमात’ऐवजीही मी ‘लोक’ म्हणेन.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘मोडॉक हे ट्युली सरोवर आणि लॉस्ट नदीच्या काठचे मूळ रहिवासी आहेत. १८६४ च्या तहानंतर त्यांना क्लॅमथांच्या मुलखातल्या राखीव प्रदेशात जावं लागलं. १८७० मध्ये त्यांच्यातले काही जण कॅप्टन जॅकबरोबर आपल्या नदीवर परतले, तेव्हा तिथे गोऱ्या वसाहतवाल्यांनी ठाण मांडलं होतं. नोव्हेंबर १८७२ मध्ये लष्कर त्यांना हलवायला आलं आणि युद्ध पेटलं.’ जागा कमी असेल तर सरोवराचं नाव गाळा, तहाचं वर्षही गाळा, पण ‘परतले’ तेवढं गाळू नका.