सिगारेट, थायरॉइड आणि तुझे डोळे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

ग्रेव्ह्जचे, म्हणजे थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागण्याच्या आजाराचे, निदान झाल्यावरही सिगारेट सुटत नाही, हे तू मोकळेपणाने कळवलेस, याचे मला समाधान वाटले. ‘सिगारेट ओढणाऱ्यांचा थायरॉइड म्हणे कमी पडत नाही, मग ती सोडून काय साधणार?’ या तुझ्या प्रश्नाने मात्र मी अस्वस्थ आहे.

तू वाचलेस ते खोटे नाही. धूम्रपान करणाऱ्यांचे टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे, ग्रंथी मंदावली की वाढणारे संप्रेरक) सरासरीने किंचित खाली असते आणि त्यांच्यात थायरॉइडविरोधी काही अँटीबॉडीजही कमी आढळतात. पण तो दिलासा ग्रंथी मंदावण्याच्या आजारापुरता आहे, आणि तुझा आजार नेमका उलटा आहे. तुझ्या ग्रंथीला अँटीबॉडीज अहोरात्र चालना देत आहेत, आणि हाच बिघाड डोळ्यांमागच्या स्नायूंपर्यंत व चरबीपर्यंत पोहोचू शकतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत, न करणाऱ्यांच्या तुलनेत, साध्या ग्रेव्ह्जची शक्यता सुमारे १.९ पट, तर डोळ्यांवर उतरलेल्या ग्रेव्ह्जची ७.७ पट आढळली. शिवाय डोळ्यांवरचे उपचारही धूम्रपान करणाऱ्यांना कमी लागू पडतात. झोपेत पापण्या पूर्ण मिटत नाहीत म्हणून सकाळी डोळे कोरडे आणि लाल असतात, जिना उतरताना एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसतात. हे सोसणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत.

धुरातल्या सायनाइडचे शरीरात थायोसायनेट होते आणि ग्रंथीत आयोडीन ज्या वाटेने शिरते ती वाट ते अडवते. हा निकोटीनचा नव्हे, धुराचा परिणाम आहे. निकोटीनचा उपद्रव वेगळा: त्याने छातीत धडधडते, हात कापतात, आणि ग्रेव्ह्जमध्येही नेमके हेच होते, त्यामुळे औषध लागू पडते आहे की नाही हे लक्षणांवरून ताडणे अवघड जाते. म्हणून सिगारेटऐवजी व्हेप, म्हणजे निकोटीनची वाफ देणारी ई-सिगारेट, हा तुझा बेत मला पटत नाही. सिगारेट सोडण्यासाठी ठराविक मुदतीपुरते निकोटीनचे पॅच डॉक्टरांच्या सल्ल्याने लावणे ही निराळी गोष्ट. ते जरूर विचार.

सिगारेट सोडलीस की त्या दिवसाची तारीख थायरॉइडच्या फाइलवर लिहून ठेव आणि डॉक्टरांना सांग. सोडल्यानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत काहींची ग्रंथी मंदावल्याचे निदर्शनास येते. तसे झालेच तर त्यावर गोळी आहे, तेव्हा त्या भीतीने पुन्हा सिगारेटकडे वळू नकोस. तपासण्या मात्र चुकवू नकोस. आणि मधल्या काळात रंग फिके दिसू लागले किंवा नजर अंधुक झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

तुझा हितचिंतक