आपत्ती येण्याआधीच्या कामात करिअर

प्रश्न : मी भूगोलाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपत्ती व्यवस्थापनात काम करण्याची इच्छा आहे, पण बचाव पथकाला लागणारी शारीरिक क्षमता माझ्याकडे नाही. सार्वजनिक धोरणाच्या वाटेने या क्षेत्रात खरोखर काही करता येते, की ते केवळ अहवाल लिहिण्याचे काम आहे? आपत्ती व्यवस्थापनाची पदविका घ्यावी की सार्वजनिक धोरणात पदव्युत्तर शिक्षण?

उत्तर : अहवाल पुष्कळ लिहावे लागतात, हे आधीच मान्य करते. मात्र त्यांत काय असते, हे पाहिल्याशिवाय या कामाची पारख होणार नाही.

१९७० च्या नोव्हेंबरमध्ये आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर आलेल्या भोला चक्रीवादळात ३ ते ५ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. १९७२ मध्ये तेथे स्वयंसेवकांच्या बळावर चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू झाला, तरीही १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ४० हजार बळी गेले. पुढे २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळ आले, तेव्हा बांगलादेशात २० लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवण्यात आले आणि तेथील मृतांची संख्या शंभराच्याही पुष्कळ खाली राहिली. प्रत्येक वादळाचा जोर व भरतीची वेळ वेगळी असते, त्यामुळे हे सारे श्रेय धोरणाला देणे योग्य नव्हे; पण मोठा वाटा त्याचाच आहे. सूचना मिळूनही माणसे घर का सोडत नाहीत, या प्रश्नाचा तेथे पाठपुरावा झाला. गुरे मागे टाकून जाण्यास शेतकरी तयार नव्हता आणि गर्दीच्या निवाऱ्यात स्वतंत्र जागा व स्वच्छतागृह नसल्याने स्त्रिया कचरत होत्या, हे कळल्यावर जनावरांसाठी उंचवटे, निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळी सोय आणि स्वयंसेवकांत स्त्रियांची भरती या गोष्टी धोरणात आल्या. तुम्ही विचारता ते काम हेच आहे. ते करणाऱ्याचे छायाचित्र कोठे छापून येत नाही, एवढी मनाची तयारी ठेवावी.

कायद्याचा भागही महत्त्वाचा आहे. १९५९ च्या इसेवान वादळात ५ हजारांवर माणसे गेल्यानंतर जपानने १९६१ मध्ये आपत्ती प्रतिबंधासाठी मूलभूत कायदा केला आणि कोणत्या स्तरावरील यंत्रणेची कोणती जबाबदारी, हे ठरवून दिले. बांधकामाच्या नियमांचेही तसेच आहे : २०१० मध्ये चिलीतील ८.८ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे ५०० जण दगावले, तर त्याच वर्षी हैतीतील ७.० तीव्रतेच्या भूकंपाने लाखांवर बळी घेतले. हैतीतील भूकंपाचे केंद्र राजधानीलगत आणि उथळ होते हे खरे, तरी इमारती कशा बांधल्या होत्या आणि त्या तपासणारे कोणी होते का, हा फरक उरतोच. आपत्तीनंतर मदतीचा निधी लवकर मंजूर होतो. न आलेल्या पुरासाठी तरतूद मिळवणे मात्र फार कठीण जाते. म्हणूनच या क्षेत्रात येणाऱ्याला अंदाजपत्रक वाचता आलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता तुमचा थेट प्रश्न. सार्वजनिक धोरणातील पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. पदविका नोकरी लागल्यावरही करता येते. भूगोलाचा पाया तुमच्याकडे आहे, त्याला भौगोलिक माहिती प्रणाली, संख्याशास्त्र आणि सार्वजनिक वित्त यांची जोड द्या. आपत्तीची जोखीम कमी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी स्वीकारलेला, २०१५ ते २०३० या काळासाठीचा सेंडाई आराखडा मुळातून वाचा, कारण अनेक देशांची धोरणे त्याच्याच भाषेत लिहिली जातात. पुढे शासकीय प्राधिकरणे, स्थानिक स्वराज्य संस्था, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, संशोधन केंद्रे आणि जोखमीचे गणित मांडणाऱ्या विमा कंपन्या येथे संधी असतात. सुरुवातीची बरीच पदे कंत्राटी असतात, हे घरच्यांनाही आताच सांगून ठेवा.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एक काम करा. पूर येऊन गेलेल्या एखाद्या वस्तीतील दहा कुटुंबांना भेटून सूचना कधी व कोणाकडून मिळाली, घर केव्हा सोडले आणि कशासाठी परत वळावे लागले, एवढेच विचारा व दोन पाने लिहा. त्या गप्पांत मन रमले, तर हीच पाने अर्जाला जोडता येतील. गप्पांपेक्षा वस्तीचा नकाशा काढण्यातच गोडी वाटली, तर धोरणाऐवजी जलविज्ञान किंवा दूरसंवेदन यांचा विचार करा आणि मला पुन्हा लिहा.