सायलेन्सर हीसुद्धा बंदूकच

निवृत्तीनंतर घरच्या लेथवर .२२ बोअरची (नळीचा व्यास इंचात) बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घडवायची आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तिला सायलेन्सर बसवायचा, असा तुमचा बेत आहे. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हा मोह होणारच. असं विचारणारे बरेच असतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: माझ्याकडे .२२ चा परवाना आहे. तुम्ही त्यात भर घातली आहे, ‘सायलेन्सर तेवढा कातून झालाय, रायफलीला अजून हात लावलेला नाही, म्हणजे सध्या अडचण नसावी.’

अडचण नेमकी तिथेच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २ काढून ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या वाचा. गोळी झाडताना होणारा आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेलं साधन त्या व्याख्येतच येतं, बंदुकीचे सुटे भागही येतात. म्हणजे रायफल पूर्ण होण्याची वाट कायदा पाहत नाही. तुमच्या कपाटातली ती सायलेन्सरची नळी कायद्याच्या लेखी अग्निशस्त्र आहे आणि ती तुम्ही बनवली आहे.

तुमचा परवाना कलम ३ खालचा, म्हणजे नोंदलेलं हत्यार बाळगण्याचा. बनवण्याला, रूपांतराला, अगदी दुरुस्तीलाही कलम ५ चा वेगळा परवाना लागतो. तो नसताना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. जन्मठेपेची तरतूद असल्याने ‘पहिलाच गुन्हा, वयही झालंय’ म्हणून परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियमाच्या कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटण्याची वाटही बंद होते. कलम ३ च्या खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. कलम ५ च्या खटल्याला ती चाळणीही नाही. शेवटी निर्दोष सुटलात तरी तोवर किती वर्षं तारखांना उभं राहावं लागेल, हे कोर्टाच्या जिन्यावर बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या पक्षकाराला विचारा. सायलेन्सर बनवण्याचे व्हिडिओ पाहण्याआधी हा कायदा वाचला असतात तर! अमेरिकेत बऱ्याच राज्यांत संघीय मंजुरी घेऊन खाजगी माणूस सायलेन्सर बनवू शकतो. ती सोय त्यांच्या कायद्यात आहे, आपल्याकडे नाही.

बाकीच्या प्रश्नांवर इतकं ठाम बोलता येत नाही. सर्वसाधारण लेथला त्याच व्याख्येतली ‘बंदूक बनवण्याची यंत्रसामग्री’ म्हणणं मला ताणलेलं वाटतं, पण शेजारी बॅरल आणि नकाशे सापडले तर सरकारी वकील ते म्हणून पाहील. .१७७ पर्यंतची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना विकत घेता येते. घरी घडवायला मात्र मी सांगणार नाही, कारण अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाखेरीज इतर ऊर्जेने गोळी झाडणारं हत्यारही येतं.

ती नळी आता फेकू नका, कापू नका, मित्राकडे ठेवायला देऊ नका. पुरावा नाहीसा करणं हा निराळा गुन्हा आहे. ठाण्यात एकटे जाऊन जमा करण्याचा विचारही थांबवा: जमा करण्याचं कलम २१ आहे ते मुळात कायदेशीर असलेला ताबा पुढे बेकायदा झाला त्यासाठी, आणि तुमचा ताबा पहिल्या दिवसापासून तसा नव्हता. परवान्याची मूळ प्रत आणि साहित्याची बिलं घेऊन याच आठवड्यात फौजदारी वकिलाला प्रत्यक्ष भेटा. पोलिसांकडे जायचं ते त्याच्याबरोबर, त्याने लिहून दिलेल्या अर्जासह.