कोळशाच्या स्मोकरमध्ये तापमान ३० अंशांखाली कसे ठेवावे?

चीजला धूर द्यायचा असताना आपला स्मोकर (अन्नाला धूर देण्याची झाकणाची भट्टी) ६० अंशांखाली उतरत नाही, याचे कारण बहुधा झडपा नसून पेटलेल्या कोळशाचे प्रमाण हे असावे. भरपूर कोळसा पेटवून मग हवा कोंडली, तर तो नुसता धुमसतो आणि धूर कडवट होतो. त्याऐवजी सुका लाकडी भुसा (प्लायवूडचा मुळीच नको, त्यात गोंद असतो) जाळीच्या ट्रेमध्ये नागमोडी पसरून त्याचे एकच टोक निखाऱ्याने पेटवावे आणि वरची झडप पूर्ण उघडी ठेवावी. वर बर्फाचे पसरट भांडे ठेवावे. तापमापी झाकणावर नव्हे, चीजशेजारी हवा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असताना हा खटाटोप व्यर्थ आहे; डिसेंबर-जानेवारीतील पहाट उत्तम. कच्चे मांस मात्र या तापमानात ठेवू नये.