नवरा कोल्हापुरात, मुलं माझ्याबरोबर कॅनडाला : संमतीचा कुठला कागद कुठे लागतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला : नवरा मागे राहणार, तर मुलांना कॅनडाला नेताना त्याच्या संमतीचा कागद लागतो का? पीआरच्या, म्हणजे कॅनडात कायमचं राहण्याच्या परवान्याच्या अर्जात मुख्य अर्जदार तुम्ही. मुलगी ८ वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. मिस्टरांचं उद्यमनगरातलं वर्कशॉप एकदम बंद करता येत नाही, म्हणून ते वर्षभराने येणार. एजंट म्हणतो, "आईबरोबर मुलं चाललीत, काही लागत नाही." सासरे म्हणतात, "स्टँपवर एनओसी करून घ्या." दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये ६ वर्षांच्या लेकीला घेऊन टोरंटोला उतरले, तेव्हा माझा नवराही मागेच राहिला होता. मलाही एका एजंटाने "काही लागत नाही" हेच सांगितलं होतं. तरी आईच्या धोशाने एक पत्र करून घेतलं होतं, म्हणून वाचले. काय झालं ते पुढे सांगते.

आधी हे डोक्यात पक्कं करा की आपल्याकडे ज्याला सरसकट 'एनओसी' म्हणतात ते तीन वेगळे कागद आहेत. एक मुलाच्या पासपोर्टसाठी, एक कॅनडाच्या इमिग्रेशनच्या अर्जासाठी आणि एक प्रत्यक्ष प्रवासासाठी. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पासपोर्टचा भाग सोपा आहे. धाकट्याचा पासपोर्ट काढताना परिशिष्ट डी लागतं, म्हणजे आई-बाप दोघांच्या सह्यांचं संमतीचं प्रकटन. २०१६ च्या डिसेंबरपासून ही सगळी परिशिष्टं साध्या कागदावर चालतात. स्टँप नको, नोटरी नको. तरीही कोर्टाच्या आवारात कुणीतरी ते स्टँपवर टाइप करून द्यायला बसलेला असतोच, त्याच्याकडे जाऊ नका. मिस्टर आत्ता कोल्हापुरातच आहेत, तेव्हा तुमच्या दोघांच्या सह्या एका दिवसात होतील. हेच काम तुम्ही कॅनडाला गेल्यावर काढलंत, तर तुमची सही तिथल्या भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून पाठवावी लागेल. म्हणून मुलीच्या पासपोर्टची मुदतही आत्ताच बघा. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो.

धाकट्याच्या बाबतीत आणखी एक आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. त्या दाखल्यावर त्याचं नाव आहे का, ते आज बघा. हसू नका. आपल्याकडे दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं, नावाची जागा रिकामी राहते आणि पुढे कुणाच्या लक्षात येत नाही. नाव नंतर घालता येतं, पण त्यासाठी महापालिकेत खेपा घालाव्या लागतात. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीतला घ्या, म्हणजे भाषांतराचा खर्च वाचेल.

आता नावं. माझ्या मते खरी गोची इथेच होते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नोंद स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी होते. तुमचा धाकटा त्यानंतरचा, मुलगी आधीची. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावंडांची नावं दोन पद्धतींची! शिवाय तुमचं नाव मुलीच्या दाखल्यावर सासरचं आणि पासपोर्टवर माहेरचं, असंही असू शकतं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण काउंटरपलीकडच्या माणसाला मधलं नाव म्हणजे बापाचं नाव हे ठाऊक नसतं. त्याला दिसतं एवढंच, की बाईचं आडनाव एक आणि पोराचं दुसरं. लग्नाचा दाखला बरोबर ठेवा. प्रत्येक पत्रात पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहा. घरचं लाडाचं नाव, 'सौ.', 'श्री.' काही नको.

दुसरा कागद अर्जातला. मुलं एका पालकाबरोबर कॅनडात स्थायिक व्हायला चालली असतील आणि दुसरा पालक येणार नसेल, तर इमिग्रेशन खातं आयएमएम ५६०४ हा फॉर्म मागतं. मागे राहणाऱ्या पालकाने त्यावर सही करायची आणि सही दिसेल अशा फोटो ओळखपत्राची प्रत जोडायची. सही नोटरीसमोर करून घ्या, म्हणजे पुढे शंका राहत नाही. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर निवड होणाऱ्या पीआरच्या योजनेत, आमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. त्यात पोलिस क्लिअरन्स, बँकेची पत्रं यांची धावपळ असते, तेव्हा हा फॉर्म आधीच भरून ठेवा.

पण ताई, मुळात तुम्हाला हा फॉर्म लागतो का, हे आधी ठरवा. "ते वर्षभराने येणार" म्हणजे अर्जात ते 'सोबत येणारे' की 'सोबत न येणारे'? मागाहून विमानात बसणं वेगळं आणि अर्जात 'न येणारे' लिहिणं वेगळं. 'सोबत येणारे' लिहिलं तर त्यांनाही तुमच्याबरोबरच पीआर मिळते, फक्त ते तुमच्या आधी उतरू शकत नाहीत. नंतर उतरलेले चालतात, पण व्हिसावरच्या तारखेच्या आत. ती तारीख बहुतेक मेडिकलच्या तारखेवरून ठरते आणि मेडिकल धरतात १२ महिने. म्हणजे व्हिसा हातात येईपर्यंत त्यातले बरेच महिने गेलेले असतात आणि तुमचं 'वर्षभर' त्यात बसत नाही. आमच्या ओळखीतल्या एका उद्योजकाने काय केलं, तर मुदतीत येऊन लँडिंग केलं, म्हणजे पीआर म्हणून पहिला प्रवेश नोंदवला, १५ दिवस राहिला आणि परत शिरोलीला जाऊन कारखाना आवरला. पीआर टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, ते नंतर भरून काढता येतात. फक्त पीआर कार्ड टपालाने कॅनडातल्या पत्त्यावर येतं आणि ते हातात नसताना बाहेर गेलं, तर परत येताना वेगळा प्रवास-दस्तऐवज काढावा लागतो.

काही जण गुण वाढावेत म्हणून जोडीदाराला मुद्दाम 'सोबत न येणारा' दाखवतात. मला ते पटत नाही. पुढे स्पॉन्सर करण्यात वेगळा वेळ जातो. आणि तसं दाखवलंत तरी त्यांची मेडिकल आणि बाकीची तपासणी तुमच्या अर्जाबरोबरच व्हायला हवी. ती झाली नाही तर पुढे त्यांना कुटुंब म्हणून स्पॉन्सर करण्याचा रस्ताच बंद होतो. एजंटाने हे सांगितलंय का, विचारा.

आता प्रवासाचं पत्र. ते हवंच असा कॅनडाचा कायदा नाही, म्हणून तुमचा एजंट अर्धा बरोबर. पण सीमेवरचे अधिकारी पळवून नेलेल्या मुलांवर नजर ठेवून असतात आणि एकट्या पालकाला हे पत्र मागू शकतात. मला मागितलं.

दुपारचे ४ वाजलेले, २० तासांचा प्रवास झालेला, लेक पेंगुळलेली. अधिकारी शांतपणे म्हणाला, वडील कुठे? मी पत्र दिलं. त्याने माझ्याकडे न बघता लेकीला विचारलं, "व्हेअर इज युअर डॅड?" ती म्हणाली, "पप्पा इज विथ म्हशी." खरंच होतं ते, पण त्याला म्हशी कोण ते कळेना. मग त्याने पत्रावरचा नंबर फिरवला. कोल्हापुरात रात्रीचा दीड वाजलेला, फोन बंद. त्यात नवऱ्याने पत्रावर सही इंग्रजीत केलेली आणि जोडलेल्या पासपोर्टच्या प्रतीवर सही मराठीत. दीड तास आतल्या बाकावर बसून राहिलो. शेवटी जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि माझे कागद सगळे बघून सोडलं. माणूस वाईट नव्हता, उलट लेकीला बिस्किटं दिली. पण तो दीड तास मी विसरलेली नाही.

म्हणून पत्रात एवढं असू द्या : दोन्ही मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा, पासपोर्ट नंबर, तुमचं नाव आणि नातं, कुठे, कुठल्या पत्त्यावर चाललात, आणि ही सहल नसून मुलं तिथे राहायला चालली आहेत, याला माझी संमती आहे, हे स्पष्ट वाक्य. 'दोन महिन्यांसाठी' वगैरे नमुन्यातलं वाक्य तसंच राहू देऊ नका. औषधोपचाराचे निर्णय आई एकटी घेऊ शकते, हेही घाला. सही पासपोर्टवर आहे तशीच आणि पासपोर्टची प्रत जोडलेली. पत्र इंग्रजीत.

नोटरी कोल्हापुरातली चालते. शिक्का सहीवर मारू देऊ नका, शेजारी मारायला सांगा. त्यांच्या रजिस्टरमधला क्रमांक आणि तारीख घातल्याशिवाय उठू नका. सासऱ्यांच्या समाधानासाठी प्रतिज्ञापत्र करणार असाल, तर १०० चा स्टँप विसरा, ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० चा झाला. कॅनडाच्या अधिकाऱ्याला मात्र स्टँपचं काही कौतुक नसतं. अपॉस्टिलसाठी, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्यासाठी, पैसे घालू नका. या पत्राला ते मला कुणी मागितलं नाही.

आणि सासरे "बापाची परवानगी" म्हणतात, तसला हा प्रकार नाही. १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात मुलांचा पालक म्हणून आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई असं लिहिलंय खरं, पण १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ बाप मेल्यानंतरच असा नाही, हे सांगितलंय. उद्या मिस्टर एकटे मुलांना घेऊन निघाले, तर तुमचं पत्र मागतील. आजी-आजोबा घेऊन निघाले, तर दोघांचं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वाचणाऱ्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून : जोडीदार गेलेला असेल तर मृत्यूचा दाखला न्या. घटस्फोट असेल तर हुकूमनामा नीट वाचा. ताबा आईकडे असं लिहिलेलं असतं, परदेशी नेण्याबद्दल मात्र त्यात एक ओळ नसते. ती ओळ कोर्टाकडून घ्या. ताब्याचा वाद चालू असताना गुपचूप विमानात बसू नका. भारत मुलं परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारात नाही, पण कॅनडा आहे आणि तिथे सुरू झालेलं प्रकरण आवरत नाही. अपिलाची वेळ आलीच, तर निदान आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात, सीपीआर हॉस्पिटलसमोरच सुरू झालंय.

मूळ कागद केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको. मुलांची लसीकरणाची कार्डंही त्यातच, ऑन्टारियोत शाळेला लागतात. पत्रावर दोन फोन नंबर द्या. दुसरा सासऱ्यांचा देऊ नका, मध्यरात्री इंग्रजीतून फोन आला तर लॉटरीवाला समजून कट करतील. दिराचा द्या, आणि मिस्टरांना सांगा, त्या रात्री फोन चार्जिंगला लावून, आवाज मोठा करून उशाशी ठेवायचा.